डावं मागचं चाक

"ताई, चाकाकडं बघू नका, माझ्या बोटाकडं बघा," मुळीकनाना म्हणाले. "बोट खाली आलं की वेळ लिहायची."

लाल गाडीची पुढची दोन्ही चाकं लोखंडी रोलरांवर उभी होती आणि मागची दोन मुरमावर. गाडी चालवणाऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं क्षणभर जागच्या जागी फिरली, मग मागच्यांनी जमीन धरली आणि गाडी रोलरांवरून उतरून शांतपणे चार हात पुढे जाऊन थांबली. नानांचं बोट खाली आलं. मी वहीत लिहिलं : दीड सेकंद.

ही गोष्ट २००७च्या ऑक्टोबरातली. पुण्याच्या एका दैनिकाची वाहनांची पुरवणी दर गुरुवारी निघायची आणि ती मी सांभाळायचे. साताऱ्याच्या अलीकडे, महामार्ग सोडून चार किलोमीटर आत, एक बंद पडलेली दगडखाण आम्ही दोन दिवसांसाठी मागून घेतली होती. चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या तीन पद्धतींची तुलना करायची होती. लाल रंगाची वेगवान गाडी, तिच्याइतकीच वेगवान करडी गाडी आणि एक पांढरा पिकअप ट्रक. अशी चाचणी एरवी बर्फावर होते. आमच्याकडे बर्फ नव्हतं, म्हणून नानांनी खाणीतल्या क्रशरच्या पट्ट्याचे जुने रोलर काढले, ग्रीस भरून फिरते केले आणि लोखंडी अँगलच्या चौकटीत बसवले. त्यावर चढलेलं चाक नुसतं फिरतं, गाडीला ढकलत नाही. उरलेली चाकं काय करतात तेच बघायचं.

जनार्दन मुळीक एसटीच्या वर्कशॉपात तेहेतीस वर्षं होते, फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर अपघाताच्या दाव्यांत गाडी तपासायला त्यांनाच बोलावत. ब्रेक आधीच निकामी होते की धडकेनंतर झाले, हे नाना सांगत आणि न्यायालय ते लिहून घेत. दोन्ही बाजूंचे वकील त्यांना मानत. आजवर त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, एवढंच त्यांचं भांडवल. माझ्या चाचण्यांची व्यवस्था ते चार वर्षं बघत होते.

करडी गाडी रोलरांवर आली. तिची पुढची चाकं जरा जास्त वेळ फिरली, मग आतून हलका ठोका ऐकू आला आणि मागची चाकं कामाला लागली. अडीच सेकंद.

"फरक कशाचा?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण नानांचे शब्द हवे होते.

"लाल गाडीच्या मधोमध गिअरांचा गड्डा आहे. तो पंगतीत वाढल्यागत चौघांनाही सारखं वाढत असतो, पुढचा जेवंना की मागच्याला जास्त. करडीचं तसं न्हाई. ही एरवी पुढच्या दोन चाकांवरच संसार करते. पुढची घसरली असं तिच्या कॉम्प्युटरला वाटलं, की मधला क्लच दाबून मागच्यांना हाक मारते."

"आणि ट्रक?"

"तो सांगकाम्या. लिव्हर टाकली, पुढचा-मागचा शाफ्ट एक झाला. स्वतःचं डोकं चालवत न्हाई. चिखलात देव, पण कोरड्या डांबरावर लिव्हर काढायची विसरलात तर स्वतःचीच हाडं मोडून घेईल."

करड्या गाडीच्या कंपनीतर्फे अमोघ प्रधान नावाचा अधिकारी आला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र खाणीत शोभतील असे बूट. त्यानं हे सगळं ऐकलं. नाना रोलर पुसायला वाकले तसा तो माझ्याजवळ सरकला.

"मॅडम, उदाहरणं छान देतात तुमचे नाना. ट्रकला देव म्हणाले."

"चिखलात म्हणाले."

"त्यांचा जावई कराडला त्याच ट्रकच्या शोरूमला आहे, हे तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. नानांनी चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर 'जावई, कराड' एवढं लिहिलं. तिथवर ते पान कोरं होतं.

पाचला रोलरांची चाचणी संपली. मी खाणीच्या ऑफिसच्या पायरीवर आकडे जुळवत बसले होते. आमचा छायाचित्रकार इस्माईल शिकलगार दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा समोर उभा राहिला.

"मॅडम, पुरवणीचा मोठा फोटो करड्या गाडीचाच ठरलाय ना? खालून, मागच्या अंगानं घ्यायचाय. पण ते डावं मागचं चाक दगडाला घासलंय. टायरचा नुसता कोळसा झालाय. तेच नेमकं पुढं येतंय."

"काय करायचं ते कर, इस्माईल. उजेड चाललाय."

"करू ना?"

"कर." मी मान वर केली नव्हती. ट्रकच्या दोन नोंदींत पाव सेकंदाचा फरक येत होता, तो कुठून आला ते मला सापडत नव्हतं.

गाड्या खाणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावल्या. किल्ल्या नानांकडे राहिल्या, तसं मीच ठरवलं होतं. इस्माईलला दुसऱ्या दिवशी सोलापूरला दुसरं काम होतं. तो पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघून गेला, फोटोंचं कार्ड ऑफिसात ठेवून पुढे जाणार होता.

दुसऱ्या दिवशी आठला सुरुवात करायची होती. प्रधानला लवकर जायचं होतं, म्हणून मी त्याच्या गाडीतून सात वाजून वीस मिनिटांनी खाणीत पोहोचले. शेडमध्ये नाना एकटे होते. करड्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसलेले. आमची चाहूल लागताच ते उठले. हातातला चाकांचा पाना त्यांनी मांडीला लावून धरला.

"काय झालं, नाना?"

"काय न्हाई. हवा बघत होतो."

प्रधाननं माझ्याकडे बघितलं. हवा बघायला पाना लागत नाही. मी वेळेसकट ते लिहून ठेवलं.

त्या दिवशी चढाची चाचणी होती. चाळीस मीटरचा मुरमाचा चढ, टँकरनं पाणी मारून ओला केलेला. प्रत्येक गाडीनं चार वेळा चढायचं. लाल गाडी चारही वेळा चढली, शेवटच्या टप्प्याला थोडी तिरपी होऊन. ट्रक खालचा गिअर टाकून बैलासारखा चढला, वेळ दुप्पट घेतला, पण चाक एकदाही फिरलं नाही.

करडी पहिल्या तीन वेळा चढली. पहिल्यांदा तर तिनं लाल गाडीपेक्षाही कमी वेळ घेतला. चौथ्या वेळी चढाच्या मध्यावर तिची पुढची चाकं जागीच फिरायला लागली, मुरूम मागे फेकत खाली रुतत गेली. मागची चाकं लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी स्वस्थ. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. गाडी उलटी खाली घ्यावी लागली.

"काल रोलरवर चालली," प्रधान हळू आवाजात म्हणाला. "आज सकाळपर्यंत ठीक होती. मध्ये काय झालं, ते तुम्हीही पाहिलंय आणि मीही."

"मी एक माणूस चाकापाशी बसलेला पाहिला."

"तेच म्हणतोय."

मी नानांकडे बघितलं. ते गाडीकडे बघत होते. मग रुमालानं मान पुसून म्हणाले, "थोडा वेळ गार होऊ द्या तिला. जेवून घ्या. जेवणानंतर परत चार वेळा घेऊ."

"तुम्ही चला ना."

"मला भूक न्हाई."

चार वर्षांत नानांना भूक नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते डबा आणत आणि शेंगदाण्याच्या चटणीचा पहिला घास मला काढून देत. आम्ही महामार्गावरच्या ढाब्यावर गेलो. पिठलं-भाकरी समोर असताना प्रधाननं घड्याळाकडे तीनदा बघितलं.

"तो माणूस आत्ता माझ्या गाडीपाशी एकटा आहे," तो म्हणाला. "मी लिहून देतो, जेवणानंतर गाडी चढेल."

गाडी चढली. चारपैकी चारही वेळा, काही झालंच नव्हतं अशी. प्रधान हसलाही नाही. त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि डाव्या मागच्या चाकाचे नट दाखवले. पाना लावल्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. नानांच्या खाकी पँटचे गुडघे लाल मातीनं भरलेले होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी वही उघडली.

"नाना, आम्ही जेवायला गेलो तेव्हा तुम्ही या चाकाला हात लावला?"

"लावला."

"काय केलंत?"

त्यांनी प्रधानकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, जरा बाजूला या. एक सांगायचंय."

मी बाजूला गेले नाही. चाचणीच्या वेळी कुणाशीही एकट्यानं बोलायचं नाही, हा माझाच नियम होता. कंपन्यांची माणसं चहाच्या निमित्तानं कानाशी लागत, म्हणून मी तो केला होता. नानांना तो ठाऊक होता.

"जे सांगायचं ते इथंच सांगा. सगळ्यांसमोर."

"इथं न्हाई सांगता येणार."

"मग मी जे पाहिलं तेवढंच लिहीन."

"लिहा," नाना म्हणाले. त्यांनी पाना पुसला, जॅकशेजारी पिशवीत ठेवला आणि रोलरांची चौकट सोडवायला गेले. टेम्पो भरेपर्यंत ते तिकडेच होते.

पुण्याला येऊन मी मजकूर लिहिला. दोन हजार शब्दांचा. त्यात नानांसाठी तीन वाक्यं होती : "करडी गाडी चौथ्या चढाला अडली. त्याआधी सकाळी आणि नंतर दुपारी, ती पुन्हा चढण्यापूर्वी, चाचणीची व्यवस्था पाहणारी व्यक्ती या गाडीच्या चाकापाशी एकटी होती. विचारणा केली असता तिने खुलासा दिला नाही." नाव घातलं नाही. वृत्तसंपादकांनी विचारलं, हे सगळं सिद्ध करता येईल ना? मी वही पुढे केली. त्यांनी वेळांवर नजर टाकली आणि पान छपाईला सोडलं. या तीन वाक्यांतला एकही शब्द खोटा नव्हता.

गुरुवारी पुरवणी निघाली. दुपारी दोनच्या सुमारास इस्माईल सोलापूरहून आला. त्यानं खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. माझ्या टेबलावरचा अंक उचलून त्यानं पहिलं पान हातभर लांब धरलं.

"बघा," तो म्हणाला. "आलं की नाही टायर? स्टेपनी लावली म्हणून. त्या घासलेल्या चाकानं वाट लावली असती."

"कुठली स्टेपनी?"

"हीच, डावीकडची. तुम्हीच म्हणालात ना, काय करायचं ते कर. नानांकडून जॅक घेतला, पाना घेतला. नाना म्हणालेसुद्धा, फोटो झाला की लगेच जुनं लाव. पण तोवर अंधारलं, मग पहाटेची गाडी. मी त्यांना फोन करणार होतो, राहून गेलं."

मी अंक त्याच्या हातातून घेतला. पाऊण पानाचा फोटो. करडी गाडी मागून, खालून घेतलेली, मावळतीच्या उजेडात. डावं मागचं चाक सगळ्यात पुढे. टायर कोराकरकरीत, त्यावरची पिवळी रेघसुद्धा पुसलेली नव्हती. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते एकेक मोजता येत होते. त्याच्या बरोबर खाली माझी तीन वाक्यं होती.

मी वही काढली. सोमवार, संध्याकाळी पाच ते सहा. ट्रकच्या नोंदीतला पाव सेकंद होता, वाऱ्याची दिशा होती, टँकर कधी आला ते होतं. इस्माईलला मी काय म्हणाले ते नव्हतं. फोटो म्हणजे चाचणी नव्हे, म्हणून लिहिलं नव्हतं.

तीनची बस पकडून मी साताऱ्याला गेले. नाना घराच्या ओट्यावर बसले होते. अंक शेजारी घडी घालून ठेवला होता. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. चहाचं विचारलं नाही.

"फोटो छान आलाय," नाना म्हणाले.

"नाना, मला आत्ता कळलं. इस्माईल परत आला तेव्हा."

"हं."

"तुम्ही सांगायचं होतंत."

"बाजूला बोलावलं होतं."

मी अंकाची घडी उलगडून फोटो पुन्हा बघितला. मग मी विचारलं, "एका टायरनं एवढं होतं?"

"साडेपाच मिलिमीटर," ते म्हणाले. हा विषय निघाल्यावर त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "बाकीची तीन चाकं झिजलेली, हे कोरं. खाचांच्या खोलीत साडेपाच मिलिमीटरचा फरक. मी मोजला. कोऱ्याचा घेर मोठा, म्हणून ते सावकाश फिरतं. कॉम्प्युटरला वाटतं, मागची चाकं मागं राहतायत म्हणजे पुढची घसरली. तो क्लच दाबून ठेवतो, सपाट रस्त्यावरसुद्धा. प्लेटी तापतात. फार तापल्या की आपला जीव वाचवायला तो क्लचच सोडून देतो. मग चढावर खरी गरज लागली, तेव्हा मागं कुणी न्हाई."

"लाल गाडी असती तर?"

"तिच्या गिअरांनी काही काळ निमूट सोसलं असतं. ट्रकला मुरमावर पत्तासुद्धा लागला नसता. या करडीला तेवढी खोड आहे. जरा फरक दिसला, की कोणतरी घसरलंय असं धरून चालते."

तांब्या दोघांच्या मध्ये तसाच होता.

"सकाळी मी बदलायलाच बसलो होतो," ते पुढे म्हणाले. "तेवढ्यात तुम्ही त्याला घेऊन आलात. पेपरवाल्यांनी फोटोसाठी आपल्या गाडीचं चाक बदललं, हे त्याला कळलं असतं तर तुमची दोन दिवसांची सगळी मोजणी त्यानं रद्दीत काढली असती. मी म्हटलं, चार चढ निघतील. तीन निघाले. तिथं माझा अंदाज चुकला."

"आणि दुपारी बदललंत."

"बदललं. चोरून."

"उद्याच्या अंकात खुलासा छापते. माझ्या नावानं. चूक माझी होती असा."

"उद्या अकराला माझी तारीख आहे," नाना म्हणाले. "उंब्रजजवळच्या अपघाताचा दावा आहे, ब्रेक मी तपासलेत. समोरच्या वकिलानं सकाळीच या अंकाच्या दोन प्रती घेतल्या, स्टँडवरचा पेपरवाला सांगत होता. नाव घातलं न्हाई तुम्ही, पण साताऱ्यात रोलर कुणी बनवले ते कुणाला ठाऊक न्हाई?"

"म्हणूनच उद्या छापते."

"मग नीट छापा. नुसतं 'चूक झाली' म्हणू नका, त्याला काय अर्थ न्हाई. साडेपाच मिलिमीटर लिहा. कुठलं चाक ते लिहा. चाक कुणाच्या सांगण्यावरून बदललं ते लिहा. आणि मी दुपारी कुणाला न सांगता परत बदललं, तेही लिहा."

"ते नको, नाना. त्याची गरज नाही."

"ताई, अर्धं छापून एकदा झालंय."

मी स्टँडवरच्या फोनवरून वृत्तसंपादकांना खुलासा सांगितला. नऊ ओळी. ते म्हणाले, "स्वतःच्या पुरवणीला असा खुलासा मी वीस वर्षांत छापला नाही." छापला मात्र पूर्ण, एक शब्द न कापता. ती रात्र मी साताऱ्याच्या लॉजवर काढली आणि सकाळी न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसले.

वकिलाकडे दोन्ही कात्रणं होती. त्यानं गुरुवारची तीन वाक्यं वाचली, मग शुक्रवारच्या नऊ ओळी वाचल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"म्हणजे मुळीक, गाडीत दोष आहे हे तुम्हाला सकाळीच दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"आणि तुम्ही ते लपवलंत."

"लपवलं."

"कशासाठी?"

"माझ्या ओळखीच्या माणसाची पत राहावी म्हणून."

"आज इथे कुणाची पत राखायला काही लपवताय का?"

"न्हाई," नाना म्हणाले.

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. दावा पुढे तडजोडीत मिटला, त्यामुळे नानांच्या जबाबाचं काय झालं ते निकालात कधी आलंच नाही. पण त्या वर्षी त्यांना एकच बोलावणं आलं आणि पुढच्या वर्षी एकही नाही. हे मला त्यांनी सांगितलं नाही. मी न्यायालयाच्या कारकुनाकडे चौकशी केली होती.

खुलाशानंतरच्या मार्चमध्ये पुढची चाचणी ठरली. मी नानांना पत्र पाठवलं, फोन करायचं धैर्य झालं नाही. उलट टपाली एका ओळीचं कार्ड आलं : येतो.

ते ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी खाणीत हजर होते. रोलर लावून झाले होते. डबा सोबत होता, तो त्यांनी टेम्पोच्या सीटवरच ठेवला. कंपन्यांची माणसं यायची होती. नाना पहिल्या गाडीपाशी बसले, पुढच्या उजव्या चाकाच्या खाचांत त्यांनी पट्टी घातली, आकडा बघितला आणि टायरच्या अंगावर पांढऱ्या खडूनं लिहिला. शेजारी तारीख, वेळ. मग उठून खडू माझ्यापुढे धरला.

"मॅडम, सही."

मी वाकून सही केली. दुसऱ्या चाकावर केली, तिसऱ्यावर, चौथ्यावर. हाताला लागलेला खडू झटकत मी उठायला लागले.

"पाचवं राहिलं," नाना म्हणाले आणि त्यांनी डिकी उघडली.